वामनरावांच्या वहीतलं लिमिटेशन

लिमिटेशन हा शब्द मी अडुसष्टाव्या वर्षी शिकलो. वामनराव शहात्तराव्या वर्षी. दोघांना तो एकाच दिवशी, आदिलाबादच्या एका ओट्यावर मिळाला. शब्द इंग्रजी आहे आणि शिकलेली माणसं जे मोठे प्रबंध लिहितात त्यांत येतो. त्याचा अर्थ सांगायचा तर वामनरावांचं सांगावं लागेल. त्यांच्याशिवाय तो मला कळला नसता.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसी मंडलात, म्हणजे तालुक्यात. कापूस, ज्वारी, थोडी तूर. वामनरावांची सात एकर जमीन, आता मुलगा सुरेंद्र करतो. वामनराव उंच, हाडानं मोठे. चालताना हात गुडघ्यापर्यंत लोंबतात. बोलणं कमी आणि जे बोलतील ते मोजून. मी एकतीस वर्षं हातपंप दुरुस्तीच्या टोळीत होतो. पंप खोलायचा म्हणजे तीन मीटरचे दहा-बारा पाईप एकामागून एक वर ओढायचे. पाणी किती खाली गेलं हे माझ्या खांद्याला कळायचं. वामनरावांना ते वहीत लागायचं. मी गावात असलो की ते येऊन विचारायचे, "चंपत, आज किती पाईप निघाले?" आमची दोस्ती त्यावरून झाली.

वहीची सुरुवात दोन हजार दोनच्या उन्हाळ्यातली. पारावर माणसं बसली होती. कोणी म्हणालं, औंदा गावविहिरीचं पाणी लय खाली गेलं.

वामनरावांनी विचारलं, "किती?"

"लय."

"लय म्हणजे किती?"

उद्धवराव तेव्हा गावाचे पुढारी. ते म्हणाले, "तूच मोज न बापा. अन् मोजून झालं का तहसीलात नेऊन दे, पहाणीत चढवतीन."

पहाणी म्हणजे आमच्याकडचा सातबारा. सगळे हसले. वामनराव उठून घरी गेले. अंबाडीचा दोर वळला, टोकाला दगड बांधला आणि आपल्या हातानं, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, मोजून एकेका हातावर गाठ मारली. येत्या अमावास्येला विहिरीवर गेले. अमावास्येला आमच्याकडे औत धरत नाहीत, म्हणून हा दिवस. काठावर एक लोखंडी खुंटी आहे. तिथून दोर सोडायचा, दगड पाण्याला टेकला की खुंटीजवळ चिमटीत धरायचा आणि वर ओढताना गाठी मोजायच्या. सतरा हात आले. वहीत लिहिलं: चैत्र अमावास्या, सतरा हात.

त्यानंतर एकवीस वर्षं प्रत्येक अमावास्येला हेच. पाऊस असला तरी. लेकीचं लग्न होतं त्या दिवशीही, मांडवातून उठून. गावानं त्यांना दोरवाले हे नाव दिलं. पोरं मागून ओरडायची, "दोरवाले, पाणी हाय का गेलं?" ते चिडत नसत. ज्या अमावास्येला मंचेरियलला लेकीकडे अडकले, तिथं वहीत जागा कोरी आहे. अंदाजानं भरलेली एकही नोंद नाही. अशा नऊ जागा कोऱ्या, बाकी दोनशे बावन्न नोंदी. मी मोजल्या आहेत.

या वहीचं कोणाला काही नव्हतं. मग तेजस्विनी आली. वामनरावांचा पुतण्या राजकुमार आदिलाबादला किराणा दुकान चालवतो, त्याची ही मुलगी. हैदराबादला पीएचडी करते. विषय आमच्या भागातल्या विहिरींचं पाणी. वैशाखात घरी आली होती, तेव्हा बापानं सहज सांगितलं की तुझे वामन आबा काहीतरी लिहून ठेवतात. ती दुसऱ्याच दिवशी बसनं गावात. वही उघडली आणि तासभर मान वर केली नाही.

"आबा, हे काय आहे तुम्हाला माहीत आहे का?"

"पाणी."

"आपल्या गावात इतक्या वर्षांचं दुसरं कोणतंच माप नाही. ही वही माझ्या थिसिसमध्ये येणार. पण गाईड मॅडमना पटली पाहिजे. एका ठिकाणी शंका आली तर त्या पूर्ण वही बाहेर काढतील."

वामनरावांनी वही तिच्या हातात दिली आणि पिशवीही दिली. कपड्याची पिशवी त्यांच्या बायकोनं, बयनाबाईंनी, त्या वहीसाठीच शिवली होती. त्या संध्याकाळी ते पारावर आले आणि न विचारता म्हणाले, "वही हैदराबादले गेली." उद्धवराव आता थकलेले. ते म्हणाले, "मंग आता पाणी वर येईन." हसले सगळे, पण पूर्वीसारखं नाही. वामनरावांचे कान लाल झाले होते. एकवीस वर्षांत त्या वहीपायी त्यांना आनंद झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

तेजस्विनी दसऱ्याला परत आली. तीन महिने ती पंचांग घेऊन अमावास्यांच्या इंग्रजी तारखा लावत होती, हातांचे फूट करत होती. एक हात म्हणजे दीड फूट, असं धरून. तिनं लॅपटॉप उघडून एक रेघ दाखवली. रेघ हळूहळू उतरत जाते आणि एका जागी पायरीसारखी खाली पडते.

"हे पाहा. दोन हजार अकराच्या वैशाखात अठरा हात. बाराच्या वैशाखात साडेवीस. एका वर्षात अडीच हात! आणि त्याच वर्षी वरच्या शिवारात चौदा बोअर झाल्या. ते कागद माझ्याकडे आहेत. माझा तिसरा चॅप्टर पूर्ण याच्यावरच आहे."

"हो," वामनराव म्हणाले. "मीच सांगतलं होतं तवा पारावर. लोक घाबरले होते."

ती गेली. चार दिवसांनी बयनाबाई अंगणात गाईच्या दाव्यासाठी दोर मोजत होत्या. मोठ्यानं मोजण्याची त्यांना सवय. सात हात झाले म्हणाल्या. वामनरावांनी दोर घेतला, स्वतःच्या हातानं मोजला.

"हे सहा हात अन् चार बोटं हाय. तू सात मंतलं."

"माह्या हाताचे सात. तुमचा हात हाय का वखराची दांडी! तुमच्या मापानं पोलकं शिवलं तं गोणी होईन."

वामनराव तिथंच ओट्यावर बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "विहिरीच्या दोराले गाठी कोणं मारल्या होत्या?"

"कोणत्या? ह्या नवीन दोराले? मीच. तुमचा हात गयात होता न तवा."

झालं होतं ते असं. दोन हजार अकराच्या पावसाळ्याच्या तोंडाला वामनराव कडब्याची गंजी झाकताना वरून पडले. उजवा हात मोडला. दोन महिने प्लास्टर. त्याच दिवसांत अंबाडीचा जुना दोर कुजून तुटायला आला. आदिलाबादच्या बाजारातून नायलॉनचा दोर आणला. एका हातानं गाठ मारता येत नाही, म्हणून बयनाबाईंनी आपल्या हातानं मोजून गाठी मारल्या. हात म्हणजे हात, इतकंच दोघांच्या मनात. आमच्या गावात कोणाच्याही मनात तेच आलं असतं. विहीर, दोर, बाजेची नवार, सगळं इथं हातानंच मोजतात आणि कोणाचा हात हे कोणी विचारत नाही.

लहान हात, म्हणून गाठी जवळ. गाठी जवळ, म्हणून तेवढ्याच पाण्याला जास्त हात. पाणी अडीच हात उतरलंच नव्हतं. माप बदललं होतं.

हे त्यांना त्या दिवशी कळलं. पुढचे अकरा दिवस त्यांनी ते कोणालाच सांगितलं नाही. पारावर आले नाहीत. मी घरी गेलो तर म्हणाले, कंबर धरली. बाराव्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. आत आले नाहीत.

"चंपत, पंप खोलताना पाईप हातातून सुटून बोरमध्ये पडला तं तुमी काय कराचे?"

"सायबाले सांगाचो. न सांगता वरून झाकण लावलं तं पुढच्या टोळीले तोच पाईप आडवा येते."

"अन् सांगतल्यावर?"

"कधी बोर वाचे. कधी सोडून द्या लागे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "पोरीचा धडा जाते. अन् माही वही बी जाते. तरी चाल. एकटा नाही बोलू शकत मी."

दहाच्या बसला आम्ही तिघं. बयनाबाईही निघाल्या. वामनराव म्हणाले, तू काऊन? त्या म्हणाल्या, "हात माहा हाय. मी नाही आली तं मोजसान कोणाचा, कंडक्टरचा?" मांडीवर दोराचं वेटोळं घेऊन त्या खिडकीजवळ बसल्या.

राजकुमारच्या दुकानामागं घर आहे. तेजस्विनी ओट्यावर कागद पसरून बसली होती. वामनरावांनी चहा येण्याआधीच सांगून टाकलं. कमी शब्दांत आणि काही न गाळता. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आबा, तीन महिने मी याच्यावर काम केलं. तेव्हा काऊन नाही सांगितलं?"

"तवा माह्याच ध्यानात नवतं. ध्यानात आल्यावर अकरा दिवस लपवलं. ते अकरा दिवस माहे."

ती उठून आत गेली. आम्हाला वाटलं, संपलं. ती दुकानातून मापाचा टेप घेऊन बाहेर आली.

आधी दोर ओट्यावर ताणून एकेक गाठ मोजली. पंचवीस गाठींची सरासरी पावणेसतरा इंच. मग बयनाबाईंचा हात. तेवढाच. बयनाबाई म्हणाल्या, "पाय, बारा वर्षांत बोटभर बी नाही बदलली मी." मग तेजस्विनीनं वामनरावांचा उजवा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. "हा नको. मोडून तिरपा बसला. डावा मोज." डावा एकोणीस इंच भरला.

तिनं तिथंच हिशोब केला. अठरा हात गुणिले एकोणीस. साडेवीस हात गुणिले पावणेसतरा. पुन्हा केला. मग पेन खाली ठेवलं.

"किती?" वामनरावांनी विचारलं.

"जेमतेम दीड इंच. अडीच हात उतरलं म्हणत होते मी. दीड इंच उतरलंय."

राजकुमार दारात उभा होता, तो गिऱ्हाईक नसताना दुकानात गेला.

मग तिनं गाईड मॅडमना फोन लावला. अर्धं इंग्रजी, अर्धं तेलुगू. मला टोळीमुळे तेलुगू कळतं. मॅडमचं पहिलं वाक्य होतं, वही काढून टाक. तेजस्विनीनं नाही म्हटलं नाही. तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, टेपनं मोजल्याचंही. मॅडमनी एक प्रश्न विचारला: हे तुला कसं कळलं? ती म्हणाली, त्यांनीच येऊन सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, लिमिटेशन लिही. सगळं लिही. लिहिल्यावर वही उभी राहिली तर ठेवू, नाही राहिली तर काढू.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "लिमिटेशन म्हणजे काय, पोरी?"

"मर्यादा. प्रत्येक थिसिसमध्ये शेवटी असतं. आपलं काम कुठं कमी पडलं ते आपणच लिहायचं."

"मंग मार्क कमी नाही होत?"

"लिहिलं तर नाही. दुसऱ्यानं शोधलं तर होतात."

वामनराव म्हणाले, "सोपं दिसते. चुकलं का लिवून टाकाचं."

"सोपं नाही, आबा. नुसतं चुकलं लिहून चालत नाही. कुठून कुठपर्यंत चुकलं, किती चुकलं, त्यातलं किती दुरुस्त केलं आणि किती दुरुस्त होऊच शकत नाही, एवढं सगळं लागतं. काही मुलं लिहितात, वेळ कमी होता, पैसे कमी होते. मॅडम ते पान फाडतात."

हा अर्थ मला तिथं कळला. टोळीत असताना आम्ही म्हणायचो, पाना घसरला, पाईप जुना होता, ऊन होतं. हे सगळं खरं असायचं. पण त्यातून पुढच्या माणसाला बोरमध्ये काय पडलंय ते कळत नसे. पाईप किती मीटरवर अडकला, हे ज्यानं वहीत लिहिलं तो एकच माणूस मला आठवतो, आणि त्याचा आकडा शोधायला त्याला तासभर दोर सोडावा लागला होता. म्हणजे चूक नीट सांगायलाही मेहनत लागते. काम करण्याइतकीच लागते.

वामनराव आणि बयनाबाई तीन दिवस तिथंच राहिले. मीही येऊन-जाऊन होतो. नवीन दोराच्या एकशे बेचाळीस नोंदी पुन्हा करायच्या होत्या. वामनराव वाचायचे, ती गुणायची, ते पुन्हा गुणून पाहायचे. तिसऱ्या इयत्तेपर्यंतच शिकले, पण गुणाकार पक्का. दोनदा तिची चूक निघाली. तिला त्याचा राग आला आणि मग नाही आला.

अडलं एकाच जागी. नवा दोर नेमका कोणत्या अमावास्येपासून?

"आषाढातली," वामनराव म्हणाले.

"अजिबात नाही," बयनाबाई म्हणाल्या. "दोर पोळ्याच्या सामानात आला. बैलाच्या वेसणी, घुंगरं अन् दोर, एकाच थैलीत. पोळ्याच्या दिवशी पयल्यांदा सोडला मी. तुमी वरून वराडत होते, हळू सोड, हळू सोड."

"ते आषाढात वराडलो."

"तुमी बाराही महिने वराडता. त्याच्यावरून कसं कळन?"

वहीत पाहिलं. आषाढ आणि पोळ्याचा श्रावण, दोन्ही नोंदी डाव्या हातानं लिहिलेल्या, वाकड्या. पावसाळ्यात पाणी भरभर चढतं, त्यामुळे आकड्यावरूनही ठरेना. दोघंही हटले नाहीत. तेजस्विनी म्हणाली, "आबा, तुम्ही म्हणता तसं धरू. एका नोंदीनं काय होतं?"

"धरू नको. माह्याच म्हणण्यावर धरलं तं मंग बाकीचं बी तसंच समजतीन."

शेवटच्या दिवशी तिनं लिमिटेशनचा मजकूर मराठीत सांगितला. 'दोर बदलल्यामुळे मापात फरक पडला.'

वामनरावांनी हात वर केला. "दोर आपोआप नाही बदलला. आमी बदलला. गाठी बयनाबाईनं मारल्या, तिचं नाव लिव. अन् जुन्या दोरासंग नवीन दोर ताणून पाहाले पायजे होता, मी नाही पाह्यला. जुना दोर तवा घरातच होता. हे लिव."

"इतकं कोणी लिहीत नाही, आबा."

"मंग पान फाडतीन तुही मॅडम."

तिनं लिहिलं. जुना दोर आता नाही, म्हणून जुना हात डाव्या हातावरून धरला आहे आणि माणूस तेव्हा पंचावन्नाच्या पुढचा होता, म्हणजे हात वाढायचं वय गेलेलं, हेही लिहिलं. तिसरा चॅप्टर तिनं पूर्ण नव्यानं लिहायला घेतला. एका वर्षात पाणी पडलं नाही. नऊ वर्षांत एकोणीस इंच, त्यापुढच्या बारा वर्षांत त्रेचाळीस इंच, असं ते हळूहळू उतरत आलं. ती म्हणाली, हे दिसायला कमी आहे, पण हे जास्त वाईट आहे. तिचे सहा महिने वाढले.

मॅडमचं उत्तर येईपर्यंत पाच आठवडे गेले. या पाच आठवड्यांत दोन अमावास्या आल्या आणि वामनरावांनी दोन्हीला मोजलं. वहीत आता दोन आकडे लिहितात, हात आणि इंच. पारावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की दोन हजार बारा साली मी तुमाले घाबरवलं ते खोटं होतं. उद्धवराव म्हणाले, "अकरा वर्षांनं सांगून राह्यला!" वामनराव म्हणाले, "हो."

मार्गशीर्षात तेजस्विनी छापील पानं घेऊन गावात आली. बसमधून उतरतानाच ती हसत होती, म्हणून ती ओट्यापर्यंत यायच्या आत आम्हाला कळून चुकलं होतं. वही राहिली. पूर्ण, सगळ्या नोंदींसकट, मागं जोडलेली. लिमिटेशनच्या नऊ ओळींतला एकही शब्द मॅडमनी कापला नव्हता.

वामनरावांनी चष्मा लावला. पानं इंग्रजीत, पण आकडे वाचता येत होते. बोट ठेवत ते एकेक ओळ खाली गेले. कोऱ्या जागा कोऱ्याच होत्या. दोन हजार अकराच्या आषाढाशी बोट थांबलं. तिथं आकड्याजवळ एक बारीक तारा छापला होता.

"हे काय?"

"म्हणजे ही नोंद कोणत्या दोराची ते आपल्याला माहीत नाही."

ते पुढची पानं उलटून पाहू लागले. शेवटपर्यंत पाहिलं, मग सुरुवातीची पुन्हा पाहिली.

"एकच हाय?"

"एकच."

"बाकीच्याले काऊन नाही?"

"बाकीच्या मॅडमनी मानल्या, आबा."

वामनरावांनी बोट परत आषाढावर आणलं. बयनाबाई आतून म्हणाल्या, पोळ्यापासूनच होता दोर, मी अजून सांगून राह्यली. त्यांनी बोट एक ओळ खाली घेतलं आणि पुढचा आकडा वाचला.